पन्नासची गोळी : प्रस्तावना

थायरॉईड कमी पडल्यावर दिल्या जाणाऱ्या लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीतले औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. मंचरच्या किंवा नारायणगावच्या मेडिकलमध्ये जी ‘पन्नासची गोळी’ मागितली जाते, तिच्यातले खरे औषध बारीक मिठाच्या एका कणाएवढे असते. बाकीची गोळी म्हणजे तो कण धरून ठेवणारी भर. एवढ्याशा औषधावर हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, पाळी, हाडांची मजबुती, झोप आणि मनाची उभारी अवलंबून असते. म्हणून इथे ‘थोडे इकडेतिकडे चालते’ असे म्हणता येत नाही. बाजारात १२.५ ची गोळी मिळते आणि १२५ चीही मिळते. कागदावर दोन्हींत एका टिंबाचा फरक, मात्रेत दहापटीचा. मराठी बोलीने यावर चांगली सोय करून ठेवली आहे : ‘साडेबारा’ आणि ‘सव्वाशे’ हे शब्द कानाला कधीच सारखे वाटत नाहीत. चिठ्ठीवरचा आकडा रुग्णाने, सिस्टरने आणि दुकानदाराने मोठ्याने उच्चारून घेणे ही सुरक्षिततेची सर्वांत स्वस्त रीत आहे.

थायरॉईड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला, श्वासनलिकेला बिलगून असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. ती अन्नातल्या आयोडीनपासून मुख्यतः टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, हे संप्रेरक तयार करते. शरीरातल्या पेशी गरजेप्रमाणे त्याचे टी-थ्री करून वापरतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी रक्तातल्या या संप्रेरकांवर नजर ठेवते आणि टीएसएच सोडून थायरॉईडला कामाला लावते. संप्रेरक कमी पडले की टीएसएच वाढतो, जास्त झाले की तो दबतो. हा उलटा हिशेब नीट न कळल्याने गावोगाव एक गैरसमज रुजला आहे. रिपोर्टवर टीएसएच वाढलेला दिसला की ‘थायरॉईड वाढलाय’ असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या माणसाचा थायरॉईड कमी पडत असतो आणि त्याला औषध बहुधा जास्त लागणार असते. ‘वाढलाय’ हा शब्द ऐकून गोळी अर्धी करणारे किंवा बंद करणारे रुग्ण असतात, आणि त्यात त्यांच्या अडाणीपणाचा भाग नाही. बोलताना शब्द उलटा पडला, एवढेच. या पुस्तकात म्हणून ‘थायरॉईड वाढला’ हा प्रयोग कुठेही केलेला नाही. ‘टीएसएच वाढला’ आणि ‘संप्रेरक कमी पडले’ असे दोन्ही जोडूनच लिहिले आहे.

गळ्याच्या गाठीची ओळख आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. ग्रंथीचे काम काय हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उलगडले. स्वित्झर्लंडमधले शल्यविशारद थिओडोर कोखर गलगंड काढून टाकत असत. पूर्ण ग्रंथी काढलेली माणसे पुढे सुजट, मंद आणि थंड होत गेलेली त्यांनी पाहिली व प्रांजळपणे नोंदवली. १८९१ मध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क अशाच लक्षणांच्या एका स्त्रीला टोचला. ती बरी झाली आणि पुढे अठ्ठावीस वर्षे जगली. लवकरच कळले की अर्क टोचायचीही गरज नाही, तो पोटात घेऊन चालतो. तेव्हापासून वाळवलेल्या ग्रंथीची भुकटी हेच औषध झाले. ते गुणकारी होते, पण एका खेपेच्या भुकटीत किती संप्रेरक आहे आणि पुढच्या खेपेत किती, याची खात्री नसे. डॉक्टर नाडी मोजत, वजन घेत, त्वचा पाहत आणि अंदाजाने मात्रा वाढवत.

या अंदाजाच्या जागी मोजमाप यायला ऐंशी वर्षे लागली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ च्या नाताळच्या दिवशी थायरॉक्सिनचे स्फटिक वेगळे केले. चार्ल्स हॅरिंग्टन यांनी १९२६ मध्ये त्याची रचना निश्चित केली व पुढच्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. कृत्रिम लेव्होथायरॉक्सिन १९५० च्या सुमारास वापरात आले. तरी जुन्या भुकटीची सवय सुटत नव्हती, कारण भुकटीत टी-थ्रीही असते आणि नुसत्या टी-फोरने भागेल का, अशी शंका होती. ती १९७० मध्ये फिटली. ज्यांची थायरॉईड ग्रंथीच कार्यरत नाही, अशा रुग्णांना फक्त टी-फोर दिल्यावर त्यांच्या रक्तात टी-थ्री सापडले. म्हणजे शरीर स्वतःच ते बनवून घेत होते. साधारण त्याच काळात टीएसएच रक्तातून मोजण्याची पद्धत हाती आली. तिने एक अप्रिय गोष्ट उघड केली : असंख्य रुग्ण गरजेपेक्षा जास्त औषध घेत होते. दिवसाला २०० ते ४०० मायक्रोग्रॅम ही त्या काळात नेहमीची मात्रा होती. आज पूर्ण निकामी ग्रंथीच्या प्रौढालाही वजनाच्या किलोमागे साधारण १.६ मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला शंभराच्या आसपास पुरतात. देखरेखीचे शास्त्र जन्मले ते या जादा मात्रेच्या शोधातून, हे विसरू नये. कमी मात्रेची तक्रार रुग्ण स्वतः करतो. जास्त मात्रेत पहिल्यांदा त्याला तरतरी वाटते, म्हणून ती लपून राहते.

भारतात हा विषय आधी आयोडीनचा होता. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९२ मध्ये त्याचे नाव बदलून आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम असे झाले, कारण प्रश्न फक्त गळ्याच्या गाठीचा नव्हता, गर्भातल्या बाळाच्या मेंदूचाही होता. खाण्यासाठी बिनआयोडीनचे मीठ विकण्यावरची बंदी २००० मध्ये उठली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू झाली. भीमाशंकरच्या डोंगरपट्ट्यासारखा धो-धो पावसाचा भाग आयोडीनच्या दृष्टीने जपावा लागतो, कारण पाऊस जमिनीतले आयोडीन धुऊन नेतो. जनावरांसाठी आणलेले खडे मीठ घरच्या भाजीत पडू नये, ही साधी गोष्ट आहुपे-तळेघरच्या बाजूला आजही सांगण्यासारखी आहे. बाजरीबद्दलही नेहमी विचारले जाते. आयोडीन कमी असलेल्या मुलखात रोजची बाजरी गलगंडाला हातभार लावते असे सुदानमधल्या अभ्यासांत दिसले आहे. पण घरात आयोडीनचे मीठ असेल तर बाजरीची भाकरी सोडण्याचे काहीच कारण नाही. भाकरी बंद करून गोळी चुकवणारा रुग्ण दोन्हीकडून तोट्यात जातो.

मीठ बदलल्यावर रोगाचे रूपही बदलले. आता बहुतेकांची ग्रंथी मंदावते ती शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने तिच्यावर हल्ला केल्यामुळे. जपानी वैद्य हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिलेला हा विकार. मुंबई व गोव्यासह भारतातल्या आठ शहरांचा एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के प्रौढांत थायरॉईडची कमतरता आढळली, आणि स्त्रियांत ती पुरुषांपेक्षा बरीच जास्त होती. आळेफाटा, ओतूर, मंचर, घोडेगाव या बाजारगावांत लॅबचे जाळे वाढले तसा टीएसएच हा शब्द घरोघरी पोहोचला. तपासणी सोपी झाली, गोळी स्वस्त झाली. अवघड राहिले ते या दोन्हींची सांगड घालणे.

मात्रा ठरवण्याबाबत वैद्यकात आज तीन-चार मते आहेत. मुख्य प्रवाह टीएसएच योग्य पट्ट्यात, साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान, ठेवण्याचा आहे. दुसरे मत म्हणते की आकडा बरोबर असूनही ज्यांना बरे वाटत नाही अशांना टी-फोरसोबत टी-थ्रीही द्यावे. काही मोजक्या रुग्णांवर तज्ज्ञांच्या देखरेखीखाली ते करून पाहतात, पण सरसकट फायदा सिद्ध झालेला नाही. तिसरा वाद सौम्य कमतरतेचा. टीएसएच थोडा वाढलेला आणि टी-फोर मात्र नेहमीएवढा, अशा ६५ वर्षांवरील ७३७ रुग्णांवरच्या ‘ट्रस्ट’ या युरोपीय चाचणीत, २०१७ मध्ये, गोळीने थकवा किंवा इतर लक्षणे कमी झाली नाहीत. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढणे स्वाभाविक असते. म्हणून आजीबाईंचा टीएसएच सहा आला की लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करण्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी तो पुन्हा पाहावा, या बाजूला प्रस्तुत पुस्तकाचा कल स्पष्टपणे आहे. कांचनार गुग्गुळासारखी आयुर्वेदिक औषधे घेणारेही बरेच आहेत. ती घेतल्याचे डॉक्टरांना सांगावे आणि त्यांच्या भरवशावर चालू गोळी बंद करू नये. अश्वगंधेने संप्रेरकांची पातळी वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून तिचा उल्लेख तर आवर्जून व्हावा.

या साऱ्या मतांच्या आधी एक प्रश्न येतो, आणि या पुस्तकाचा कणा तोच आहे : गोळी घेतली कशी? रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घेतलेल्या लेव्होथायरॉक्सिनचा साधारण ७० ते ८० टक्के भाग शोषला जातो. अन्न, दूध, कॅल्शियम आणि लोह त्याच्या वाटेत येतात. आता जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतली सकाळ डोळ्यांपुढे आणावी. हा दुधाचा पट्टा आहे. बाई पहाटे उठते, गोठा करते, धार काढते, डेअरीला दूध जाते, आणि मग चुलीपाशी दुधाचा चहा होतो. गोळी आठवते ती चहाच्या कपाबरोबर. नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर कामासाठी येणाऱ्यांची सकाळ त्याहून घाईची. त्यातच आशाताईंनी दिलेली रक्तवाढीची लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी असते. ‘सगळ्या एकदम घेऊन टाकते’ हे उत्तर दवाखान्यात वारंवार ऐकू येते. परिणाम ठरलेला : टीएसएच उतरत नाही. पन्नासची पंचाहत्तर होते, पंचाहत्तरची शंभर होते. मग एखाद्या दिवशी बाळंतपण उरकल्यामुळे लोहाची गोळी थांबते आणि तीच शंभरची गोळी एकदम पूर्ण ताकदीने शोषली जाऊ लागते. छातीत धडधड सुरू होते. चूक मात्रेत नव्हती, वेळेत होती.

म्हणून मात्रा वाढवण्याआधी वेळ तपासावी. गोळी आणि चहा-न्याहारी यांत किमान अर्धा तास, जमल्यास तास. गोळी आणि लोह-कॅल्शियम यांत चार तास. पहाटे गोठ्यात जातानाच पाण्याबरोबर गोळी घेतली तर धार काढून होईपर्यंत वेळ आपोआप भरतो. ज्यांना सकाळ जमतच नाही त्यांनी रात्री जेवणानंतर तीन-चार तासांनी, झोपताना घेतली तरी चालते. रोज एकच वेळ सांभाळणे महत्त्वाचे. ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत शोषण कमी होते, हेही मात्रा वाढवण्याआधी विचारात घ्यावे. चतुर्थी-एकादशीच्या उपवासाला गोळी चुकवण्याचे कारण नाही. ती पाण्याबरोबरच घ्यायची असते. वारीला जाणाऱ्यांनी गोळ्या मोजून बरोबर ठेवाव्यात. बहुतेक ब्रँडच्या गोळ्या शंभर किंवा त्याहून थोड्या अधिक गोळ्यांच्या बाटलीत येतात. त्या उष्णता, उजेड आणि ओल सोसत नाहीत. पत्र्याच्या घरात चुलीवरच्या फळीवर किंवा पावसाळ्यात डोंगराकडच्या दमट भिंतीला लागून ठेवलेली बाटली औषधाची ताकद घालवते. गोळ्या स्टीलच्या डबीत काढून ठेवू नयेत, बाटलीतली ओल शोषणारी पुडी फेकू नये. ब्रँड शक्यतो एकच ठेवावा आणि बदलला तर दीड-दोन महिन्यांनी टीएसएच पाहावा.

दीड-दोन महिन्यांनीच का, याचे उत्तर औषधाच्या संथ स्वभावात आहे. शरीरातले लेव्होथायरॉक्सिन निम्मे व्हायला साधारण सात दिवस लागतात, आणि मात्रा बदलल्यावर नवी पातळी स्थिरावायला सहा आठवडे. पीयूषिकाही सावकाश जुळवून घेते. पंधरा दिवसांनी केलेली तपासणी अर्धवट उकळलेल्या भाताची चव घेण्यासारखी असते. त्यावरून मात्रा बदलली की पुढचे सारे आकडे डळमळतात. त्याच संथपणामुळे एक गोळी चुकली तर घाबरायचे कारण नसते, आठवेल तेव्हा ती घेता येते. मात्रा स्थिर झाल्यावर सहा महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तपासणी पुरते. रक्त शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळच्या त्याच सुमारास द्यावे आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. केस-नखांसाठीच्या गोळ्यांत बायोटिन असते, ते काही यंत्रांच्या आकड्यांत गोंधळ घालते. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी त्या थांबवाव्यात.

गरोदरपणात हे सारे वेळापत्रक आखडते. बाळाचा मेंदू घडण्याच्या पहिल्या महिन्यांत आईचेच संप्रेरक त्याला पुरते, आणि आईची गरज पहिल्या काही आठवड्यांतच पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बाईने दिवस गेल्याचे कळताच, डॉक्टरांशी बोलून, आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या घ्याव्यात असा नियम जगभर मान्य आहे. मग निम्मे दिवस भरेपर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच पाहावा व तो २.५ च्या खाली ठेवावा. आपल्याकडे इथे एक खास अडचण येते. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते आणि तिची फाइल सासरी राहते. आंबेगावातली नोंद जुन्नरातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही. वाढवलेली मात्रा तशीच चालू राहते किंवा चिठ्ठी सापडत नाही म्हणून बंद पडते. बाळंतपणानंतर मात्रा आधीच्या पातळीवर आणायची असते आणि सहा आठवड्यांनी तपासायची असते. नवजात बाळाची गोष्ट याहून निकडीची. जन्मतः ग्रंथी काम करत नसेल तर उपचार दोन आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात, मात्रा किलोमागे १० ते १५ मायक्रोग्रॅम, गोळी चुरून थोड्या पाण्यात किंवा आईच्या दुधात. बाळाच्या टाचेच्या रक्तावरची टीएसएच चाचणी जिथे होत नाही, तिथे ती मागून घ्यावी इतकी ती महत्त्वाची आहे.

टीएसएच नेहमी खरे बोलतोच असे नाही. पीयूषिकाच दुखावली असेल तर संप्रेरक कमी असूनही टीएसएच वाढत नाही, आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ दिसतो. बाळंतपणात अतिरक्तस्राव झालेल्या, नंतर दूध न आलेल्या आणि पाळी बंद पडलेल्या स्त्रीत शीहान विकार ओळखायचा राहून जातो. दुसरे कारण या तालुक्यांना जवळचे आहे. घोणस इथल्या शेतशिवारात आहे. सर्पदंशावरचे उपचार हे नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांच्या प्रदीर्घ कामाचे क्षेत्र. घोणसच्या दंशातून, विशेषतः मूत्रपिंडाला इजा झालेल्या रुग्णांत, पुढे पीयूषिका निकामी झाल्याच्या नोंदी म्यानमार, श्रीलंका आणि दक्षिण भारतातून आहेत. दंशातून वाचलेला माणूस काही महिन्यांनी सतत थकलेला, गारठलेला असेल तर टीएसएचबरोबर फ्री टी-फोर आणि कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरकही पाहावे. कॉर्टिसॉल कमी असताना आधी थायरॉईडची गोळी सुरू केली तर जीवावर बेतू शकते. अशा रुग्णाची मात्रा टीएसएचवर नव्हे, फ्री टी-फोरवर ठरते.

उलट्या दिशेचा आजार, म्हणजे ग्रंथी जादा काम करणे, संख्येने कमी पण देखरेखीला जास्त नाजूक. त्यावरचे औषध कार्बिमॅझोल सुरू केल्यावर टीएसएच काही महिने दबलेलाच राहू शकतो. तो वर येण्याची वाट पाहत मात्रा वाढवत नेली तर ग्रंथी पुरती मंदावते. इथेही आधी टी-फोर व टी-थ्रीच पाहायचे, चार ते सहा आठवड्यांनी. हे औषध क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी करते, बहुधा पहिल्या तीन महिन्यांत. ताप आणि घसा दुखणे अशी जोडी आली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्त तपासावे. घरगुती काढ्यावर दोन दिवस काढू नयेत. गर्भधारणेचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण पहिल्या तिमाहीत हे औषध टाळून दुसरे देतात.

लेव्होथायरॉक्सिनची जादा मात्रा वर्षानुवर्षे चालली तर हृदय अनियमित धडधडते आणि पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होतात. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीत, १९९४ मध्ये, टीएसएच ०.१ किंवा त्याखाली असलेल्या साठीपुढच्या लोकांत दहा वर्षांत हृदयाची ही अनियमितता तिप्पट आढळली. म्हणूनच वृद्धांत आणि हृदयरोग्यांत सुरुवात साडेबारा किंवा पंचवीसने करतात आणि हळूहळू चढतात. वजन उतरवण्यासाठी ही गोळी घेणे सरळ घातक आहे.

प्रस्तुत पुस्तक आशाताई, आरोग्यसेविका, गावातले डॉक्टर, मेडिकल चालवणारे आणि स्वतः गोळी घेणारे कुटुंब यांच्यासाठी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचा नमुना पुढे पाठवण्याची सोय आणि पुण्यापर्यंतचा प्रवास या दोन्हींचा खर्च व वेळ धरूनच त्यातले सल्ले दिले आहेत. सहा आठवड्यांचे अंतर सांगताना कांदा-टोमॅटोची कामे आणि भात लावणीचे दिवसही ध्यानात घेतले आहेत. रुग्णाने मात्रा स्वतः बदलावी असा त्याचा हेतू नाही. बदल सुचवणाऱ्या डॉक्टरांपुढे पूर्ण माहिती यावी, एवढा आहे. त्यासाठी शेवटी एक पान जोडले आहे : तारीख, वजन, मात्रा अंकांत आणि अक्षरांत, ब्रँड, गोळीची वेळ, चहाची वेळ, सोबतच्या गोळ्या, टीएसएच आणि लॅब. हे पान फाइलमध्ये न ठेवता गोळ्यांच्या बाटलीबरोबर पिशवीत ठेवायचे आहे, म्हणजे बाटली माहेरी गेली की तेही जाते. थायरॉईडच्या कर्करोगानंतरची मुद्दाम जास्त ठेवलेली मात्रा, ॲमिओडॅरोन किंवा लिथियम घेणारे रुग्ण आणि पीयूषिकेचे आजार यांची फक्त ओळख करून दिली आहे. या रुग्णांची मात्रा हॉर्मोनतज्ज्ञांनीच ठरवायची असते, आणि त्यांच्याकडे जातानाही तेच पान सोबत न्यायचे आहे.